‘इझाकाया’, ‘परमिट रूम’ आणि ‘बसणे’ : पानगृहांच्या नावांचा अर्थविचार

१

गोवंडी स्थानकाबाहेर पडणारा प्रवासी ‘रिक्षा’ अशी हाक देतो, तेव्हा आपण एक जपानी शब्द उच्चारीत आहो याची जाणीव त्याला क्वचितच असते. ‘जिन्-रिकि-शा’, म्हणजे मनुष्य-बल-वाहन, हा तो मूळ समास होय. इंग्रजीच्या द्वारे आपल्यापर्यंत पोचताना त्यातील ‘मनुष्य’ गळून पडला. पुढे वाहनाला यंत्र जोडले गेले आणि राहिलेला ‘बल’ हा अंशही अर्थहीन झाला. शब्द परभाषेत गेला म्हणजे तो आपला पूर्वेतिहास मागे ठेवून जातो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

जपानीतील दुसरा एक शब्द अलीकडच्या वर्षांत मुंबईत आला आहे. तो म्हणजे ‘इझाकाया’. वांद्रे-खार भागातील काही महागड्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर तो दिसू लागला. मूळ देशात मात्र हा शब्द कामावरून परतणाऱ्या सामान्य माणसाच्या साध्या पानगृहाचा वाचक आहे. स्वदेशी सामान्य आणि परदेशी प्रतिष्ठित असा हा अर्थोत्कर्ष भाषांच्या इतिहासात नवा नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. जेथे बसून लोक थोडे खातात आणि थोडे पितात त्या स्थळाला भाषा कोणाच्या दृष्टीने नाव देते, हा येथील प्रश्न आहे. पिणाऱ्याच्या दृष्टीने, विकणाऱ्याच्या दृष्टीने, की कर घेणाऱ्या शासनाच्या दृष्टीने? या प्रश्नाचे जपानीने दिलेले उत्तर आणि मराठीने दिलेले उत्तर यांत मोठा फरक आहे, आणि त्या फरकाचे परिणाम केवळ कोशापुरते राहत नाहीत. या लेखात ‘पानगृह’ हा शब्द अशा सर्व स्थळांना मिळून वापरला आहे.

२

‘इझाकाया’ या समासाचे तीन घटक आहेत. शेवटचा ‘या’ म्हणजे दुकान. मधला घटक ‘साके’, म्हणजे मद्य. समासात तो ‘साका’ असे रूप घेतो आणि आधीच्या पदाच्या सान्निध्याने त्याचा आद्य ‘स’ घोष होऊन ‘झाका’ असा उच्चार होतो. आपल्या संधिनियमांशी परिचित असलेल्या वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटणार नाही. पहिला घटक ‘इ’ हा मात्र विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तो ‘इरु’ या धातूचा अंश होय. आजच्या जपानीत सजीवाचे ‘असणे’ या धातूने सांगतात. परंतु प्राचीन जपानीत त्याचे रूप ‘विरु’ असे होते आणि अर्थ होता ‘बसणे’. ‘तात्सु’, म्हणजे उभे राहणे, याच्या विरोधात तो वापरीत. पुढे आद्य व-कार लोपला आणि अर्थ ‘बसणे’पासून ‘राहणे’ व ‘असणे’ असा विस्तारत गेला.

या शब्दामागे एक सामाजिक घटना आहे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या नगरात मद्याची दुकाने माप भरून मद्य विकीत व गिऱ्हाईक ते घरी नेत असे. काही गिऱ्हाइके दुकानातच थांबून पिऊ लागली. या थांबून पिण्याला ‘इझाके’ म्हणत. दुकानदारांनी सोबत शिजवलेले पदार्थ देण्यास आरंभ केला आणि अशा दुकानाला ‘इझाकाया’ हे नाव पडले. १८११ साली एदोतील खाद्यव्यावसायिकांची जी गणती झाली तीत शिजवलेले पदार्थ विकणारी इझाकाया-दुकाने १,८०८ होती. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच हे नाव अधिकृत गणतीचे सदर होण्याइतके सर्वमान्य झाले होते.

याच्या शेजारी दुसरे नाव आहे ‘ताचिनोमि’, म्हणजे ‘उभ्याने पिणे’. फळीशी उभे राहून एक पेला घ्यावा आणि निघावे, अशी ही जागा. तात्पर्य, जपानीने पानगृहांचे वर्गीकरण केले ते गिऱ्हाइकाच्या शरीराच्या स्थितीवरून. तो बसला आहे की उभा आहे, एवढेच ती नावे विचारतात.

३

आता मराठीकडे वळू. पानगृहाचे जुने प्रचलित नाव ‘गुत्ता’ हे आहे. याचा संबंध कन्नड ‘गुत्तिगे’ या शब्दाशी असून त्याचा अर्थ मक्ता किंवा कंत्राट असा आहे. मराठवाड्यात ‘गुत्तेदार’ म्हणजे कंत्राटदार हा अर्थ आजही जिवंत असून त्यात मद्याचा लेशही नाही. मद्यविक्रीचा मक्ता दिला जाई म्हणून त्या दुकानाला मक्त्याचेच नाव पडले. इंग्रजी अंमलात १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हाच कायदा नाव बदलून आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ म्हणून लागू आहे. या कायद्याखाली मद्य पिण्यासाठी पिणाऱ्या व्यक्तीजवळ परवाना लागतो, आणि परवानाधारकांनी जेथे बसून प्यावे ती खोली ‘परमिट रूम’. देशी मद्याच्या दुकानावर ‘सरकारमान्य’ हे विशेषण ठळक अक्षरांत असते.

‘गुत्ता’ आणि ‘परमिट रूम’ यांच्यामध्ये भाषा बदलली, राज्ये बदलली, परंतु नाव देण्याची दृष्टी बदलली नाही. दोन्ही नावे शासकीय कागदाची आहेत. आत माणूस बसतो की उभा राहतो, खातो की उपाशी राहतो, याविषयी ती काहीच सांगत नाहीत. याउलट ‘खानावळ’ हा शब्द पाहावा. तो खाणाऱ्याच्या क्रियेवरून आला आहे. मराठीने खाणाऱ्याला त्याच्या क्रियेवरून घर दिले आणि पिणाऱ्याला मक्त्यावरून. खाणे व पिणे एकत्र नांदवणारे, सर्वांच्या तोंडी असणारे देशी नाम मात्र तिने घडविले नाही. ‘मद्यगृह’ हा शब्द कोशात आहे, पण त्या नावाने कोणी मित्राला बोलावीत नाही.

प्राचीन भारतीय परंपरेत असे नाम नव्हते असे म्हणता येणार नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘पानागार’ येते. त्यात अनेक कक्ष असावेत, वेगवेगळी शयने व आसने असावीत, गंध, पुष्पे व पाणी असावे, असे विधान आहे. शासनाची नजर तेथेही होती, पण आसनाचा उल्लेख होता. मद्यासोबतच्या खाद्याला संस्कृतात ‘उपदंश’ व ‘अवदंश’ असे शब्द होते. त्यांपैकी ‘उपदंश’ हा आज मराठीत एका गुप्तरोगाचे नाव झाला आहे. जागा रिकामी झाली, आणि तीत बोलीतील ‘चकणा’ येऊन बसला. हिंदीतील ‘चखना’चे, म्हणजे आपल्या ‘चाखणे’च्या सख्ख्या भावंडाचे, हे अल्पप्राण रूप दिसते. मराठीत तिरळ्या माणसालाही चकणा म्हणतात, त्यामुळे या शब्दाला थट्टेचा रंग कायमचा चिकटला. जपानीत मात्र मद्यासोबतच्या खाद्याचे नाव ‘साकाना’ हे इतके प्रतिष्ठित ठरले, की मासा हेच असे मुख्य खाद्य असल्याने ‘मासा’ या अर्थाचा जपानीतील सामान्य शब्दही तोच झाला.

४

कागदाने दिलेल्या नावांखाली पिणाऱ्यांनी स्वतःची भाषा घडवली नाही काय? घडवली, आणि येथेच मुख्य मुद्दा येतो. मुंबईच्या मराठीत मद्यपानाचे आमंत्रण ‘आज बसायचे का?’ या शब्दांनी दिले जाते. मद्याचा, स्थळाचा, पैशाचा उल्लेख नाही, केवळ ‘बसणे’. गोवंडीच्या कामगारवस्तीत, देवनारच्या वसाहतीत किंवा कार्यालयाच्या मधल्या सुटीत हे वाक्य उच्चारले गेले, तर ऐकणारा ‘कोठे?’ एवढेच विचारतो, ‘कशासाठी?’ असे विचारीत नाही. एदोच्या गिऱ्हाइकाने जो धातू वापरला त्याच अर्थाचा धातू मुंबईच्या गिऱ्हाइकाने स्वतंत्रपणे निवडला आहे.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. ‘बसणे’ या अर्थाचे धातू अनेक भाषांत कालावधीचे दर्शक बनतात. जपानीत ‘नोन्दे इरु’, म्हणजे ‘पीत आहे’, या रचनेत चालू क्रिया दाखविण्याचे काम हाच ‘इरु’ करतो. मराठीत ‘गप्पा मारीत बसले’, ‘वाट पाहत बसला’ या रचनांत ‘बसणे’ हा धातू क्रिया लांबल्याचे सांगतो. जपानीत हा प्रयोग पूर्णपणे व्याकरणात मुरला. मराठीत मात्र रिकामपणाची किंचित छटा राहिली. दोन्ही समाजांना मद्यपानाचे सार मद्यात नव्हे तर कालावधीत, म्हणजे घाई नसलेल्या संगतीत, दिसले आणि त्यासाठी त्यांनी कालावधीचाच धातू उचलला.

फरक पडतो तो पुढे. जपानीत तो धातू दुकानाच्या पाटीवर चढला. मराठीत तो मित्रांच्या कुजबुजीत राहिला. घरात वापरला जातो तो दुसराच धातू. ‘तो पितो’ या वाक्यात कर्म सांगितलेले नाही, तरी ते काय असावे हे कोणालाही सांगावे लागत नाही, आणि वाक्य उच्चारताच आरोप होतो. सोयरीक ठरविताना मुलीकडील वडीलधारी माणसे विचारतात, ‘मुलगा पितो का हो?’ उत्तर येते, ‘छे हो, कधीतरी चार मित्रांत बसतो.’ व्यक्ती एक, कृती एक. पण विचारणाऱ्याचा धातू वेगळा आणि उत्तर देणाऱ्याचा वेगळा. पुढे संसारात पत्नी ‘पिता’ म्हणते आणि पती ‘बसतो’ म्हणतो. दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत हे दोघांनाही ठाऊक असते, परंतु दोघांना मान्य होईल असे एकही पद भाषेत उपलब्ध नसते. किती, किती वेळा, किती पैसे, ही चर्चा म्हणूनच आरंभीच तुटते. जपानीत ‘नोमु’, म्हणजे पिणे, हाही कर्माविना मद्याचा बोध करतो. पण त्याने आरोप होत नाही.

५

मोजण्याच्या शब्दांतही हीच गोष्ट दिसते. आपल्याकडे ‘क्वार्टर’ म्हणजे १८० मिलिलिटर. जपानीत मद्याचे पारंपरिक माप ‘गो’ हेही सुमारे १८० मिलिलिटरच आहे, आणि तेथील ७२० मिलिलिटरच्या बाटलीला ‘चार गो’ची बाटली म्हणतात. माप एक, पण ‘क्वार्टर’ हा बाटलीचा भाग आहे, तर ‘गो’ हे तांदूळ मोजण्याचेही माप आहे. घरात भात शिजविणारी गृहिणी आणि इझाकायातील गिऱ्हाईक एकाच शब्दाने मोजतात. आपला ‘क्वार्टर’ शब्द स्वयंपाकघरात कधीच शिरत नाही.

खाद्यपदार्थांविषयी मात्र गोवंडी एदोच्या अधिक जवळ आहे. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. या परिसरात कलेजी, खिरी, वजडी हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. जपानी पानगृहांतही जनावराचे आतडे-काळीज निखाऱ्यावर भाजून देतात. त्याला ‘होरुमोन’ म्हणतात. ओसाकाकडील बोलीत ‘होरु मोन’ म्हणजे ‘टाकून देण्याची वस्तू’, त्यावरून हा शब्द आला असे लोक सांगतात. ही लोकव्युत्पत्ती होय; ‘हार्मोन’ या वैद्यकीय शब्दापासून, पौष्टिक खाद्य या अर्थाने तो आला असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. पण लोकव्युत्पत्तीही समाजाची साक्ष देते. श्रीमंताने टाकले ते श्रमिकाने चवीने खाल्ले, ही जाणीव तीत आहे. गोवंडीत असे खाद्य देणाऱ्या अनेक भट्ट्यांवर मद्य नसते, चहा असतो; खाणे आणि पिणे यांची ती जुनी फारकत येथे धार्मिक आचारानेही दृढ केली आहे.

६

याचा अर्थ जपानी समाज निर्दोष आहे असा नव्हे. ‘नोमु’ आणि ‘कम्युनिकेशन’ जोडून त्यांनी ‘नोम्युनिकेशन’ असा जोडशब्द घडविला, आणि वरिष्ठासोबत पिण्याची सक्ती त्याआड लपली. त्या सक्तीचा निषेध करण्यासाठी ‘आरुहारा’, म्हणजे मद्याचा जाच, हा दुसरा शब्द त्यांना घडवावा लागला. परंतु येथेही लक्षात घ्यावे, की जाचाला उघड नाव मिळू शकले, कारण मूळ क्रियेला उघड नाव होते.

आपल्याकडे उघड नावाचा अभाव सर्वांत जड पडतो तो ज्याला बसायला जागाच नाही अशा माणसावर. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांचा बळी मेथॅनॉलने घेतला, शब्दाने नव्हे. परंतु ‘अड्डा’, ‘हातभट्टी’ हे शब्द लपलेल्या स्थळांचे शब्द आहेत. लपलेल्या स्थळी काय विकले जाते हे विचारण्याची सोय नसते.

ज्यांना हे सर्व भोगावे लागते त्या स्त्रियांनाही महाराष्ट्रात एक चिन्ह मिळाले आहे. मद्याचे दुकान बंद करावे की नाही यासाठी मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’. उभी म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. पुरुष ‘बसतात’ असे म्हणतात. स्त्रिया बाटली ‘आडवी’ करतात. दोन्ही पक्षांनी शरीरस्थितीचाच शब्द उचलला आहे, पण एकाने माणसाचा आणि दुसऱ्याने बाटलीचा. माणूस आणि बाटली यांविषयी एकत्र बोलता येईल असा शब्द अद्याप नाही.

असा शब्द समिती नेमून तयार होत नाही. अभ्यासकाला करता येण्याजोगे काम निराळे आहे : ‘बसणे’ व ‘पिणे’ यांचे प्रयोग कोण, कोणासमोर, कोणत्या वेळी करतो याची नोंद घेणे, आणि ती नोंद पानगृहातल्या मेजापाशी जितकी घ्यावी तितकीच घरातल्या उंबऱ्यापाशीही घेणे. गोवंडीसारख्या उपनगरात मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इतर भाषांच्या बोली एका गल्लीत नांदतात. तेथे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज हाती घेता येईल, आणि ते केवळ मद्याविषयीचे काम राहणार नाही.