पाणी माणशी

१९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात हिंडले. पुढे नायगावात त्यांनी पाणलोटाची कामे हाती घेतली आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. बंधारे, पाझर तलाव इतरत्रही झाले होतेच. इथे वेगळी होती ती वाटणी.

पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ज्याची शेती मोठी, त्याचे उरलेले रान कोरडवाहूच. भूमिहीनालाही पाण्यात हक्क होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. उसाला तर बंदीच, कारण एकाच्या उसात अनेकांची ज्वारी-भाजी बुडते. खर्चाचा काही भाग शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा, आणि पाळीपाळीने पाणी सोडायला गावानेच पाणकरी नेमायचा.

माझ्या मते खरी क्रांती या नियमांत आहे. विहीर माझी म्हणून पाणीही माझेच, ही आपली पक्की समजूत. तिला धक्का न लावता कितीही बंधारे बांधले, तरी अडवलेले पाणी मोठ्या पंपाकडेच वळते.