दिवा लागायला हवा, विझायलाही हवा

किल्ली फिरवली की मोटारीच्या डॅशबोर्डवर क्षणभर दिवाळी होते आणि काही सेकंदांत मावळते. तेवढ्यात गाडी स्वतःची तपासणी करून घेते. एअरबॅगचा दिवा विझला नाही, तर यंत्रणेत दोष आहे. अपघातात फुगा उघडेलच याचा भरवसा नाही. पण तो लागलाच नाही, तर अधिक सावध व्हा. दोष लपवण्यासाठी दिवाच काढलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना हे जरूर पाहा.

कारण कधी किरकोळ असते. सीटखालचा जोड सैल होतो, स्टिअरिंगमधली गुंडाळीची तार तुटते. तरीही एअरबॅगच्या पिवळ्या तारांना घरी टेस्ट लॅम्प लावू नका. फुगा तोंडावर उडेल. मेकॅनिकला स्कॅनरवर दोषाचा कोड वाचायला सांगा. नुसता कोड पुसणे म्हणजे ताप असताना थर्मामीटर झटकणे.

एबीएसचा पिवळा दिवा राहिला, तर साधे ब्रेक सहसा चालतात, मात्र जोराने दाबल्यास चाके जखडू शकतात. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा राहिला, तर गाडी बाजूला घेऊन थांबाच.

चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे नव्या मोटारींत जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. ती जागी आहे की नाही, हे मात्र तो इवलासा दिवाच सांगतो.