विषाणू जातो, धूर त्याला थांबवून ठेवतो

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूत असते. तो शरीरसंबंधातून पसरतो, पुरुषांकडूनही. मग बाईच्याच चारित्र्यावर बोट कशाला? बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावते. विडी-सिगारेट इथेच घात करते. धुरातील विषारी द्रव्ये रक्तावाटे गर्भाशयमुखाच्या स्रावात उतरतात, तिथली प्रतिकारशक्ती दुबळी होते आणि विषाणू मुक्काम ठोकतो. त्यापासून कर्करोग व्हायला मात्र अनेक वर्षे लागतात, म्हणून तपासणीला अर्थ आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे आढळले. वस्तीतल्या शिबिरात आपण रक्तदाब, साखर तपासतो. कार्यकर्त्यांनी ही तपासणीही मागावी.