१९५२ ची टॉप्स बेसबॉल कार्डे

१९५२ ची टॉप्स बेसबॉल कार्डे हा अमेरिकेतील टॉप्स या च्युइंग गम कंपनीने काढलेला ४०७ कार्डांचा संच आहे. कार्डाची दुर्मीळता आणि त्याची अवस्था या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे या संचावरून स्पष्ट होते.

क्रमांक ३११ ते ४०७ ही कार्डे बेसबॉलचा हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि बरीचशी विकली गेली नाहीत. कंपनीतील साय बर्गर यांच्या सांगण्यानुसार उरलेला माल १९६० च्या सुमारास अटलांटिक महासागरात बुडवण्यात आला. मिकी मँटल याचे ३११ क्रमांकाचे कार्ड याच गटातील असले, तरी छपाईच्या तक्त्यावर ते दोनदा होते. त्यामुळे गटातील बहुतेक कार्डांपेक्षा ते अधिक छापले गेले. त्याचे मोल मुख्यतः मँटलच्या लोकप्रियतेमुळे आहे.

याउलट अँडी पाफ्को याचे क्रमांक १ चे कार्ड. मुले क्रमाने रचलेल्या गठ्ठ्याला रबरबँड लावत आणि सर्वांत वरचे हेच कार्ड झिजे. म्हणून ते निर्दोष अवस्थेत क्वचितच आढळते.

प्रतवारी करताना कोपरे, कडा, पृष्ठभाग व चित्राभोवतीच्या समासाची समानता तपासतात. झिजलेल्या कडा कापून कार्ड नवे भासवण्याचे प्रकार होत असल्याने त्याचे माप (२ ५/८ × ३ ३/४ इंच) घेणेही आवश्यक ठरते.

१९८० च्या दशकाच्या मध्यास व्यापारी ॲलन रोझेन यांना मॅसॅच्युसेट्समध्ये या संचाचा जवळजवळ न हाताळलेला मोठा साठा मिळाला. त्यातील मँटलचे एक कार्ड १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला, तर २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले.