पक्षी आणि ऊन : शिंजीर काळा का येतो?

भिगवणच्या उडत्या रोहितांवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. त्यांच्या अंगणातल्या पांगाऱ्यावर रोज सकाळी जांभळा शिंजीर येतो. डोळ्यांना तो निळा-जांभळा झगमगताना दिसतो, फोटोत मात्र काळाठिक्कर. लेन्स बदलावी का, असं ते विचारतात.

लेन्स उत्तम आहे. उभं राहायची जागा बदला.

शिंजिराच्या पिसांत जांभळं रंगद्रव्य नसतंच. असतं ते मेलॅनिन, आपल्या केसांना काळेपणा देतं तेच. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंत त्याचे चपटे कण थरावर थर रचलेले असतात. या थरांवरून ऊन परततं तेव्हा काही रंगांच्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि जांभळा, निळा, हिरवा उजळून निघतो. पण ही चमक ठरावीक दिशेलाच जाते. इतर बाजूंनी पाहणाऱ्याला मेलॅनिनचा काळा तेवढा दिसतो. रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त लिहून ठेवलंय की मोरपीस ओलं केलं की त्याचे रंग जातात. हा रचनेचा रंग आहे याचा तो फार जुना पुरावा.

खंड्याच्या पाठीचा निळाही रचनेचाच, पण तिथली रचना थरांची नसून सूक्ष्म पोकळ्यांच्या जाळीची असते. त्यामुळे तो कुठूनही बघा, निळाच. खंड्यावर हात बसलेला माणूस शिंजिरापाशी अडतो तो यामुळे.

मग डोळ्यांना रंग कसा दिसतो? शिंजीर क्षणभर स्थिर नसतो. मान वळली की गळा पेटतो, परत वळली की विझतो. डोळा त्या सगळ्या चमका जमवतो. कॅमेऱ्याच्या वाट्याला सेकंदाचा हजारावा भाग येतो.

पत्रात लिहिलंय की फोटो अंगणातून, पूर्वेकडे तोंड करून काढले. म्हणजे सूर्य पक्ष्याच्या पाठीमागे. झाडाच्या पलीकडे जा. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत, ऊन तिरपं असताना, सूर्य आपल्या पाठीशी घ्या. एक फुललेला तुरा हेरा आणि त्यावरच नेम धरून थांबा; मध प्यायला तो तिथे पुन्हा पुन्हा येतो. शटर १/१००० च्या खाली नको. मान वळायला लागली की सलग फ्रेम घ्या. बऱ्याच काळ्या निघतील, एखादीत गळ्यापासून कपाळापर्यंत रंग उतरेल.

आता एक्स्पोजर. एवढा काळा पक्षी चौकटीत आला की मीटर चित्र उजळवायला जातो आणि नेमकी चमकणारी पिसं पांढरी फटक पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवा. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही निळा उजव्या कडेला जाऊन आदळलेला असतो.

पातळ ढग आले तर कॅमेरा आवरू नका. तेव्हा उजेड आकाशभरातून येतो. चमक मंद होते, पण अंगभर पसरते, आणि पंखाखालचे पिवळे-शेंदरी झुबके त्याने फुलवले तर तेही फार सुंदर येतात.

हे सगळं विणीच्या पिसाऱ्यातल्या नराबद्दल. हंगाम सरला की तो मादीसारखा फिका होतो, गळ्यावरून पोटाकडे एक काळसर पट्टा तेवढा उरतो.

शिंजीर दारी नसेल तर खिडकीतला पारवा घ्या. त्याच्या मानेवरचा हिरवा-जांभळाही याच जातीचा रंग. सूर्य पाठीशी, बाजूला आणि समोर ठेवून तीन फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. रोहितांकडे जाण्याआधी एवढं करून याच. पंखांवर ऊन कुठून पडतंय, हा प्रश्न भिगवणलाही पहिला असणार आहे.