कर्डकांचा जलसा, वामनदादांची गाणी

विद्रोहाची मराठी कविता म्हटलं की आपण पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. चोखामेळा-सोयराबाईंचे अभंग, तुकोबा, जोतीरावांचे अखंड, केशवसुतांची ‘तुतारी’, सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’, ढसाळांचा १९७२ सालचा ‘गोलपिठा’. या वाटेवर पुष्कळ लिहून झालंय. मला बरीच वर्षं वेड लावलंय ते आंबेडकरी जलशानं. विसाव्या शतकात ज्या मराठी कवितेनं माणसांचं रोजचं वागणं बदललं, ती जलशाच्या फडात उभी राहिली, असं माझं ठाम मत आहे.

सांगाडा तमाशाचाच. सत्यशोधकांनी तो आधी हाताळला होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या धामधुमीच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचा जलसा त्या भागात गाजू लागला. शृंगाराची लावणी बाजूला पडली, बतावणी मात्र राहिली. पूर्वी ज्या बतावणीत सोंगाड्या हसवायचा, तिथं आता मेलेली जनावरं ओढण्यावरून, येसकरकीच्या गावचाकरीवरून, पोरांना शाळेत घालण्यावरून दोघांची जुंपायची. माणसं पोट धरून हसायची आणि घरी जाताना गप्प व्हायची. सभेत भाषण ऐकवता येतं, पण ऐकणाऱ्याचीच गुलामी त्याच्यासमोर उभी करून त्याला हसवणं जलशालाच जमलं.

सिन्नरकडच्या एका खेड्यात एका वृद्ध गायकानं मला यातली खुबी दाखवली. डिमडीवर थाप मारत त्यांनी एक ओळ उचलली आणि शेवटच्या शब्दाआधी थांबले. ओट्यावर बसलेल्या बायकांनी तो शब्द आपसूक पुरा केला. पुढच्या कडव्यालाही तेच. “यमक ढिलं पडलं तर गाणं गावाबाहेर जात नाही,” ते म्हणाले. समीक्षक ज्या घट्ट यमकांना बाळबोध म्हणतात, ती ज्यांना अक्षर ओळखू दिलं नव्हतं त्यांची वही होती. सिनेमाच्या चालींचंही तसंच. चाल आधीच सगळ्यांच्या गळ्यात, शब्द तेवढे नवे. गाणं रात्रीत पाठ!

त्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म १९२२ चा. मुंबईत गिरणीत राबले, चिक्की विकली. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिलं आणि आपल्याला वाचता येत नाही याचं त्यांना रडू कोसळलं, असं सांगतात. मग अक्षरं शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचनाचा सराव केला. प्रौढ वयात वाचायला शिकलेल्या या माणसानं पुढं हजारोंनी गाणी लिहिली. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते, संतांच्या अभंगांत येते तशी. एरवी देवापुढे नम्र होऊन घेतलं जाणारं ते नाव इथं हक्क मागायला उभं राहतं, हे मला फार मोठं वाटतं.

लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर हा स्वतंत्र लेखाचा विषय. पुढच्या पिढीतले विलास घोगरे यांचं नाव मात्र घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच या शाहिरानं स्वतःचं जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात तिथूनच होते.

६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, मी दादरला जातो. चैत्यभूमीच्या गर्दीत, शिवाजी पार्काच्या कडेनं गाण्यांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात. कागद हलका, दोन पिना मारलेल्या, कव्हरवर बाबासाहेब, आत शाईनं भरलेली अक्षरं. कित्येकींवर प्रकाशनाचं सालसुद्धा नसतं. विकत घेणारी बाई तिथंच उभ्याउभ्या पान उलटते आणि गुणगुणत चाल लावून बघते. चाल बसली की पदरात बांधलेले पैसे काढते.

वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी जयंतीच्या मिरवणुकीत, बुद्धविहारात, लग्नमंडपात अजून गाजतात. पण ग्रंथालयांच्या नोंदींत या पुस्तिका क्वचितच सापडतात. तुमच्या घरात, आजोबांच्या पेटीत एखादी असेल तर कव्हर फाटलंय म्हणून रद्दीत घालू नका. गाणारं माणूस हयात असेल, तर चालही ध्वनिमुद्रित करून ठेवा.