यवतमाळच्या दंगलीतली जोड

दंगलीतली कुस्ती दोन मिनिटांत निकाली निघते, पण ती लावायला कधीकधी पंधरा मिनिटं जातात. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या दंगलीला जा, खरा खेळ त्या पंधरा मिनिटांत चालतो. पोरंसोरं डाव बघायला येतात. अंगाला माती लागलेले म्हातारे जोड कशी लागते ते बघायला बसतात.

मैदान म्हणजे बहुधा गावाबाहेरचं मोकळं वावर. आपली काळी माती कुस्तीच्या कामाची नाही. ओली झाली की अंगाला लिंपते, वाळली की ढेकूळ पाठीत रुततं. म्हणून वावर नांगरायचं, ढेकळं फोडायची, वर मऊ गाळाची माती पसरून पाणी मारायचं. भोवती दोर बांधायचा. दोराला चिकटून पोरं, त्यांच्यामागे धोतर-टोपीतले जाणकार, आणि सगळ्यात मागे मोटारसायकलच्या सीटवर उभे राहिलेले. एका बाजूला डफडं, दुसऱ्या बाजूला लाऊडस्पीकर. त्यावर देणगीदारांची नावं आणि त्यांचे 101 रुपये इतक्या वेळा ऐकू येतात की मल्लाचं नाव त्यातच कुठेतरी बुडून जातं. नागपंचमीच्या सुमारास एक हंगाम असतो. कापूस घरी आला की यात्रांमधून दुसरा सुरू होतो.

पंचांच्या हातात वही असते आणि वहीत इनामांची उतरंड. 51, 101, मग 500, 1000, 3000, 5000, 11,000 आणि शेवटी ज्याच्यासाठी रस्त्यावर फ्लेक्स लागलेला असतो ती मोठी कुस्ती. आकडे गावागणिक बदलतात, उतरंड तीच. पहिल्या कुस्त्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या. त्यांना जोड शोधावी लागत नाही, उंची सारखी दिसली की सोडायचं. पडलेला रडतो, जिंकलेला खाऊच्या दुकानाकडे पळतो.

पाचशेच्या पुढे मात्र रीत बदलते. मल्ल लंगोटावर टॉवेल गुंडाळून, एक हात वर करून दोराच्या आत चक्कर मारतो. म्हणजे, या इनामाला मी उभा आहे, कोण येतं? ज्याला यायचं तो गर्दीतून उठून त्याच्या हातात हात देतो. मग पंच दोघांना समोरासमोर उभं करतो आणि बैल पारखणाऱ्याच्या नजरेनं बघतो. मान, मनगट, मांडी. पण सगळ्यात आधी कान. कान चिरडून त्याचा गड्डा झालेला असेल तर त्या पोरानं मातीत वर्षं काढलीत, मग तो अंगानं कितीही किरकोळ दिसो. वजनकाटा कुठेच नसतो. दंडाला हात लावून, पाठीवर थाप मारून वजन सांगणारे लोक आहेत आणि ते फारसे चुकत नाहीत.

इथून वस्तादांची घासाघीस सुरू होते. "हा त्याच्याहून भारी हाय," एक म्हणतो. "भारी हाय, पन आजारातून उठला," दुसरा. वेळ किती लावायचा, बरोबरीत सुटली तर इनाम अर्धं-अर्धं वाटायचं की परत घ्यायचं, हे उभ्याउभ्या ठरतं. कधी जोड मोडते आणि दोघंही टॉवेल सावरत परत जाऊन बसतात. लोक ओरडतात, पण पंच ऐकत नाही. उजवी-डावी जोड लावणाऱ्या पंचाला गाव वर्षभर नावं ठेवतं हे त्याला ठाऊक असतं.

दारव्ह्याकडच्या अशाच एका दंगलीत नेरकडचा एक पोरगा बघितला. वय वीसच्या आतबाहेर, उजवा कान पूर्ण बसलेला, गुडघ्याला पट्टी. त्यानं 3000 च्या कुस्तीला हात वर केला आणि चक्कर मारली. कोणी उठलं नाही. दुसरी चक्कर मारली. लाऊडस्पीकरवाल्यानं इनामात भर घालून घेतली, तरी कोणी उठेना. समोर पाच-सहा मल्ल बसलेले होते. ते बुटाची नाडी सोडत-बांधत राहिले. मग तो 5000 च्या रांगेकडे गेला. तिथे हिंगोलीकडचे दोघं बसले होते, पैनगंगा ओलांडून आलेले. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आपसात बोलायला लागले. त्याचे वस्ताद माझ्या शेजारीच होते. म्हणाले, "ह्याले जोड कोठून आनू, भाऊ? गावातले पोट्टे याच्या अंगाले हात लावत नाहीत, अन् वरचे म्हंतात, हा कोन?"

आपल्याकडच्या मल्लाचा दर्जा याच एका वाक्यात कळतो. कोण हात देतो यावरून तो ठरत नाही, कोण हात देत नाही यावरून ठरतो. नेरचा तो पोरगा जिल्ह्यातल्या खालच्या पन्नास-शंभर मल्लांना नको झालेला होता आणि वरच्या दहांना अजून माहीत झालेला नव्हता. त्या मधल्या पायरीवर दंगलीत त्याच्यासाठी काहीच नसतं.

जपानच्या सुमोत हे होत नाही. ती कुस्ती आपल्यासारखी नाही हे खरं. तिथे चीत करायची गरज नाही. गोलाबाहेर पाय गेला किंवा तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की संपलं. पण तिथली उतरंड आपल्या वस्तादांनी मुद्दाम बघावी अशी आहे. सहाशेच्या आसपास मल्ल, सहा विभाग, आणि प्रत्येकाचं नाव एकाच कागदावर. त्या कागदाला बांझुके म्हणतात. पंच तो ब्रशनं हातानं लिहितात. वरच्या मल्लांची नावं ठसठशीत, खालच्यांची इतकी बारीक की भिंग लागावं. वर्षात सहा स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धेनंतर कागद नव्यानं लिहिला जातो. वरच्या दोन विभागांतला मल्ल पंधरा दिवसांत पंधरा कुस्त्या खेळतो. आठ जिंकल्या की तो वर सरकतो, आठ हरल्या की खाली. कोणाशी कोण लढणार हे संघटना ठरवते. मल्लाला जोड नाकारता येत नाही आणि जोडीसाठी हात वर करून फिरावंही लागत नाही.

पैसाही त्याच कागदाप्रमाणे. सगळ्यात वरच्या विभागात 42 आणि त्याखालच्यात 28, अशा 70 जणांनाच पगार. दुसऱ्या विभागातल्या मल्लाला महिन्याला 11 लाख येन, सर्वोच्च योकोझुनाला 30 लाख. 71 व्या क्रमांकापासून खाली पगार नाही. तालमीत राहणं-जेवण आणि थोडा भत्ता, वर वरिष्ठांची कामं. निर्दयच आहे ते. पण 71 व्या मल्लाला आपण 71 वे आहोत हे माहीत असतं, आणि पगारापर्यंत किती कुस्त्या उरल्या हेही.

वर चढण्याच्या अटीही सगळ्यांना पाठ असतात. ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या लगेच खालचा मल्ल, व्हायचं तर तीन लागोपाठच्या स्पर्धांत मिळून साधारण 33 विजय. योकोझुना व्हायचं तर ओझेकी असताना लागोपाठ दोन स्पर्धा जिंकायच्या किंवा त्या तोलाची कामगिरी करायची. शिवाय 1950 पासून त्यासाठी एक सल्लागार मंडळ आहे, ते मल्लाची चालचलणूकही बघतं. योकोझुनाला खाली उतरवत नाहीत. जमेना तर त्यानं निवृत्त व्हायचं. 2025 च्या जानेवारीनंतर होशोर्यू 74 वा योकोझुना झाला आणि मे महिन्यात ओनोसातो 75 वा. ओनोसातोनं पदार्पणापासून 13 व्या स्पर्धेनंतर ते पद गाठलं, इतक्या लवकर आधुनिक काळात कोणी पोचलेलं नाही. मला मात्र तेरुनोफुजी जास्त मोठा वाटतो. गुडघे गेले, आजारपण आलं, ओझेकीपदावरून घसरत तो 2019 मध्ये खालून दुसऱ्या विभागात आला. तिथून एकेक स्पर्धा चढत 2021 मध्ये 73 वा योकोझुना झाला. पडला तेव्हा खाली पायऱ्या होत्या म्हणून परत चढता आलं.

गुडघ्याला पट्टी बांधलेल्या नेरच्या पोराला खाली उतरायलाही पायरी नाही. गुडघा गेला की दोन हंगाम बुडाले, आणि दोन हंगाम दिसला नाही की पंच नाव विसरतो.

आपल्याकडे कागदावरची उतरंड नाही असंही नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 ची, मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. महाराष्ट्र केसरी 1961 पासून सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यात निवड चाचणी होते. 57 किलोपासून वजनगट, गादी आणि माती असे दोन विभाग, आणि 86 ते 125 किलोच्या खुल्या गटात दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांसमोर. जिंकणाऱ्याला चांदीची गदा, अलीकडे मोटारही. 2014, 2015 आणि 2016 असा तीनदा किताब घेणारा जळगावचा विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. यवतमाळच्या आखाड्यातल्या कुठल्याही पोराला पुढे काय करायचं विचारा, तो याच नोकरीचं नाव घेतो.

पण ही शिडीही आता एक राहिलेली नाही. संघटनेत दोन गट पडले आणि 2023 च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले: पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. 2025 मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. चौघंही दणकट मल्ल, त्यांचा दोष नाही. पण जपानमध्ये एका वेळी दोन बांझुके निघाले असते तर तिथल्या लोकांनी काय म्हटलं असतं याचा विचार करावा. जिल्ह्यातल्या पोरानं निवड चाचणीला कोणाच्या दारात जायचं, इथूनच घोळ सुरू होतो.

विदर्भाला कुस्तीची परंपरा नाही असं कोल्हापूर-सांगलीकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. यवतमाळ शहरात हनुमान आखाडा चौक आहे, ऑटोवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. कळंब ओलांडून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की देवळी येते. तिथले रामदास तडस चार वेळा विदर्भ केसरी होते, नंतर खासदार झाले. त्याच देवळीत 2025 च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरी भरली आणि भाग्यश्री फंडनं ती जिंकली. मुलींच्या कुस्त्या आता खेड्यातल्या दंगलीतही लागतात. त्यांची जोड लावताना पंच आईबापांनाही विचारून घेतात, आणि गर्दी त्या वेळी जरा शहाण्यासारखी वागते.

कमी आहे ती मधल्या पैशाची. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. मांस खाणाऱ्यांचं वेगळं. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात एका पोराचा खुराक म्हणजे दुसऱ्या पोराची फी. घर दोन वर्षं सोसतं, तीन वर्षं सोसतं, मग बाप म्हणतो, भरतीची तयारी कर. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. दंगलीत मिळालेला फेटा आणि नारळ तिथे चालत नाही. शिवाय मातीवर वाढलेल्या पोराला गादीवर गुणांची कुस्ती नव्यानं शिकावी लागते. मातीत तो वीस मिनिटं दमानं खेळतो आणि एका ढाकेवर निकाल लावतो. गादीवर सहा मिनिटांत सगळं आटोपतं, आणि दहा गुणांचा फरक पडला की त्याआधीच.

पोट भरायला काही मल्ल मग दुसरी वाट धरतात. ठरवून खेळलेली नुरा कुस्ती. दोघं आधी बोलून घेतात, पंधरा मिनिटं खडाखडी करतात, बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून घेतात. जाणकार प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला ओळखतो आणि मातीचा खडा फेकतो. मल्लांना शिव्या देणं सोपं आहे. पण ज्याची वर्षाची कमाई आठ-दहा दंगलींवर आहे त्यानं गुडघा कशावर पणाला लावायचा, हेही कोणी सांगावं.

नेरच्या पोराला त्या दिवशी शेवटी जोड मिळाली. अंगानं त्याच्याहून बराच भारी, वाशिमकडचा मल्ल उठला आणि हात दिला. वस्ताद नको म्हणत होते, पोरानं टॉवेल काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. चार-पाच मिनिटं भारी मल्लानं त्याला मानेवर दाबून धरला. पोरगा खाली बसला, दोन हातांनी माती घट्ट धरून पोटावर पडून राहिला आणि पाठीवर ओढणाऱ्याला दमवत राहिला. मग सुटला, उठला, आत शिरून पट काढला. भारी मल्ल गुडघ्यावर आला, पण चीत झाला नाही. वेळ संपली. बरोबरी. दोघांना अर्धं-अर्धं इनाम. पंचानं दोघांचेही हात वर केले, पोरानं फेरी मारली, लोकांनी दहा-वीसच्या नोटा दिल्या. वहीत मात्र फक्त इनामाची रक्कम लिहिली गेली. कुस्ती कोणाची, किती वेळ, निकाल काय, याला वहीत रकानाच नव्हता. पुढच्या गावच्या दंगलीत हा पोरगा पुन्हा कोणीच नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या दंगल समित्यांना एक विनंती. फ्लेक्सवरच्या मोठ्या कुस्तीसाठी बाहेरचे मल्ल जरूर आणा, गर्दी त्यांच्यामुळेच येते. पण त्या इनामातले थोडे हजार काढून 3000 ते 10,000 च्या मधल्या चार-पाच कुस्त्यांत घाला, आणि तिथे जिल्ह्यातल्याच पोरांच्या जोडी आधी ठरवून नावं जाहीर करा. वहीत मल्लाचं नाव, आखाडा, वजन आणि निकाल असे चार रकाने वाढवा. हंगाम संपला की सोळा तालुक्यांच्या वह्या एकदा एकत्र बसून वाचा. खर्च एका चहाचा आहे.